पंख्याखालचा कौल

बंगार्या नायकाला जमिनीवर चालताना बघून कोणीही म्हणेल, या माणसाला काहीतरी दुखणं आहे. पाय धनुष्यासारखे वाकलेले, पंजे आत वळलेले, चाल बदकाची. पण पायांत दोरीचं कडं अडकवून तोच माणूस सुपारीच्या झाडावर चढला की बघणाऱ्याची मान दुखायला लागायची. सकाळी वर गेलेला बंगार्या जेवायलाच खाली यायचा. शेंड्याला बांधलेल्या फळीवर बसायचं, घड कापायचा, दोरीवरून खाली सोडायचा, मग शेजारचं झाड हाताने ओढून घ्यायचं आणि त्यावर उडी मारायची. तिथून पुढच्यावर. शिरसीच्या घाटात असे चढणारे पूर्वी पुष्कळ होते. आता बोटांवर मोजायचे, आणि त्यातही साठीला टेकलेला हा एकटाच.

दोरीचं खालचं टोक धरून उभी राहायची त्याची बायको, नागम्मा. एकतीस वर्षं दोघांचा संसार या दोरीच्या दोन टोकांना चालला होता. भांडणंसुद्धा दोरीवरच व्हायची. तिने दोरी ढिली धरली की वरचा समजायचा, काल माशाच्या सारात मीठ कमी आहे म्हटलेलं बाई अजून विसरलेली नाही.

गेल्या मोसमात बंगार्या पडला. ओढून धरलेलं झाड हातातून निसटलं आणि तो दोन झाडांच्या मधून खाली आला. झावळ्यांचा ढीग होता म्हणून वाचला, तरी दोन बरगड्या आणि खांद्याचं हाड गेलं. तीन महिने छातीला पट्टे बांधून ओसरीवर बसला होता. विचारायला येणाऱ्याला सांगायचा, "पडलो कुठे? जरा घाईत उतरलो."

नागम्माने तेव्हाच सांगून टाकलं, "आता पुरे. शेळ्या पाळू."

"शेळीवर चढता येतं का?"

"तुम्ही तिच्यावरही चढाल. मी सांगते, आता झाडावर जायचं नाही."

"ते तू नाही सांगायचं. बेट्टदम्मा सांगेल."

बेट्टदम्मा म्हणजे वरच्या रानातली देवी. काळ्या दगडाची, कमरेइतकी उंच, नाकाची जरा झीज झालेली. दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी चढणाऱ्यांनी उपाशी पोटी तिच्याकडे जायचं, कौल मागायचा आणि मगच मोसमाचं पहिलं झाड धरायचं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीचं एकेक ओलं फूल चिकटवतात. तिच्या उजव्या खांद्यावरचं आधी पडलं तर होकार, डाव्या खांद्यावरचं पडलं तर नकार. नकार असताना जो चढला, त्याची दोरी कोणी धरत नाही.

एरवी देवीचं नाव काढलं की नागम्मा म्हणायची, तिला काय कळतंय चढण्यातलं. यंदा मात्र लगेच म्हणाली, "बरं. ती म्हणेल ते तुम्हालाही मान्य, मलाही." बंगार्याला तिथेच संशय यायला हवा होता. पण बायको आपलं ऐकतेय याचा आनंद झाला की नवऱ्याची अक्कल जरा बाजूला बसते, आणि बंगार्याला असा आनंद फार वर्षांनी झाला होता.

मंगळवारी दोघं पहाटे निघाली. वर जायला दोन तास. वाट मत्तीच्या आणि जांभळाच्या रानातून जाते, आणि दव असलं की जळवा काही सोडत नाहीत. नागम्माने कनवटीची तंबाखू चुन्यात मळून त्याच्या घोट्यांना चोळली. "देवीपुढे रक्त गाळत उभे राहू नका," म्हणाली.

देवळात आठ-दहा माणसं आधीच बसली होती आणि सगळ्यांचे चेहरे पडलेले. श्रावणापासून देवी कोणालाच होकार देत नव्हती. शिवाने म्हैस घ्यायची म्हणून विचारलं, नकार. वरच्या आळीत विहीर खणायची होती, नकार. गणपा गौडाच्या मुलीचं लग्न तर दोनदा पुढे गेलं होतं. कोणी म्हणे सोवळंओवळं बिघडलं, कोणी म्हणे भटजींनीच काहीतरी खाल्लं. भटजींनी काय खाल्लं यावर गावात तीन वेगवेगळी मतं होती, आणि तिन्ही सांगणाऱ्यांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं.

पुजारी परमेश्वर भट्ट चांगले जाडजूड. मंत्र म्हणता म्हणता धापा टाकणारे. त्यांनी फुलं पाण्यात बुडवून खांद्यांवर लावली आणि विचारलं, "बोल, काय मागायचं?"

"आई," बंगार्या म्हणाला, "यंदा चढू का? चढू म्हणशील तर उजवं दे. नको म्हणशील तर डावं दे."

तेवढ्यात मागून नागम्माचा गोड आवाज आला. "भटजी, घामाघूम झालात की. जरा पंखा वाढवा ना."

भटजींना कोणी सहसा एवढी माया दाखवत नसे. त्यांनी भिंतीवरचं बटण फिरवलं आणि पंखा भरभर फिरू लागला. समया आत कोनाड्यांत होत्या, त्यांच्या वाती जेमतेम हलल्या. देवीच्या डाव्या खांद्यावरचं फूल एकदा फडफडलं, पुन्हा चिकटलं आणि पडलं.

"नकार," भटजी म्हणाले. मागच्या माणसांनी सवयीने उसासा टाकला.

बंगार्या हलला नाही. पडलेल्या फुलाकडे त्याने बघितलंच नाही, तो वर बघत होता. साठ फुटांवर बसून ज्याने जन्मभर वारा ओळखला, त्याला वारा कुठून येतोय हे कोणी सांगावं लागत नाही. पंखा गाभाऱ्याच्या दारावर तिरका बसवला होता. हुबळीच्या कोणा ठेकेदाराने नवस फेडायला दिलेला, श्रावणात लागलेला. हवा थेट देवीच्या डाव्या खांद्यावर पडत होती.

"भटजी, देवी नाही बोलली. पंखा बोलला."

"बंगार्या, देवळात काय बोलतोस!"

"बंद करा आणि पुन्हा लावा."

मागून शिवा ओरडला, "अरे, म्हणजे माझी म्हैस पंख्याने घालवली?" आणि गणपा गौडा उठून उभाच राहिला. एवढा गलका झाला की भटजींनी मुकाट्याने बटण फिरवलं. बंगार्याने एकदा मागे वळून पाहिलं. नागम्मा नाकाच्या शेंड्यावर पदर धरून खांबाकडे बघत होती, जणू तो खांब तिने आजच पाहिला.

पुन्हा फुलं लागली. पंखा थांबला. आता कोणतंच फूल पडेना. पायसाचं भांडं बाहेर चुलीवर होतं, त्याचा वास आत येत होता, आणि कौल झाल्याशिवाय जेवण नाही. भटजींचा घाम मानेवरून पाठीवर गेला. अर्धा तास झाला. शिवाच्या पोटात गुरगुरलं ते सगळ्यांनी ऐकलं. आणि मग, काही कारण नसताना, उजव्या खांद्यावरचं फूल हळूच सुटलं आणि देवीच्या पायांशी येऊन पडलं.

"होकार!" सगळेच ओरडले. आपापली कामं पुन्हा विचारायची म्हणून जी रांग लागली, तिच्यात बंगार्याला कोणी विचारलंही नाही.

दोघं उतरायला लागली. ओढ्यापाशी तो म्हणाला, "पंख्याचं कधी कळलं तुला?"

"श्रावणात. शिवाच्या म्हशीला नकार आला त्या दिवशी. मी देवळाचं अंगण झाडायला गेले होते."

"आणि गणपाच्या पोरीचं लग्न दोनदा मोडलं तरी बोलली नाहीस?"

"मोडलं नाही, पुढे गेलं. दिवाळीनंतर सांगणारच होते."

"देवीला फसवतेस?"

"देवीला कशाला फसवू? तुम्हाला फसवत होते." ती पुढे चालायला लागली. थोड्या अंतरावरून, मागे न बघता म्हणाली, "पडताना तुम्ही डोळे मिटले होते. दोरी माझ्या हातात होती. मी उघड्या डोळ्यांनी बघितलं."

 यावर बंगार्या काय म्हणाला ते गावाला माहीत नाही, बाकी सगळं नागम्माने सांगितलं आहे.

गुरुवारी एंकण्णा हेगड्यांच्या बागेत मोसम सुरू झाला. बंगार्याने झाडाला हात लावून कपाळाला लावला आणि चढला. नागम्मा खाली दोरी धरून उभी राहिली. आज दोरी ताठ होती. पहिला घड देवीचा म्हणून बाजूला ठेवला. मग वर सवयीने त्याने हात लांब केला आणि शेजारचं झाड ओढून घेतलं. ते वाकून त्याच्या छातीशी आलं. खाली नागम्माने दोरी सोडली नाही, पण मान खाली घातली.

बंगार्याने झाड थोडा वेळ धरून ठेवलं. मग हळूच सोडून दिलं. ते झुलत झुलत जागेवर गेलं. तो दोरीच्या कड्यावर पाय टेकत खाली उतरला, बदकाच्या चालीने शेजारच्या झाडापाशी गेला आणि बुंध्यापासून पुन्हा चढायला लागला.

दिवसभर असंच चाललं. संध्याकाळी हेगडे घड बघायला आले आणि म्हणाले, "काय रे बंगार्या, निम्मीच झाडं? म्हातारा झालास की काय?"

"गुडघे जरा धरलेत, धनी."

"गुडघे धरले तर शंभरदा उतरतोस-चढतोस कसा?"

बंगार्या पायातलं कडं सोडवायला वाकला. दोरी गुंडाळता गुंडाळता नागम्माच म्हणाली, "अहो हेगडे, तुमची बाग सोडवत नाही त्यांना. प्रत्येक झाडाला पायथ्यापासून भेटून येतात."