वर्षात दोन विजेते

कॅनडात मॉन्ट्रियलशेजारच्या आमच्या लव्हालमध्ये मराठी माणसं किती आहेत ते मला नक्की सांगता येणार नाही, पण त्यांत कायम खरं बोलणारा माणूस एकच आहे आणि तो माझा साडू आहे. बाकीचे आम्ही सगळे प्रसंग बघून बोलतो. घराची किंमत थोडी वाढवून सांगतो, बायपासच्या कथेत एखादी जादा नळी घालतो, मुलगा टोरोंटोत नक्की काय करतो हे विचारलं की विषय हवेवर नेतो. माझे साडू मात्र कुणाच्या घरचे पोहे खारट झाले तर त्या घरच्या बाईंना तोंडावर सांगतात, "पोहे खारट आहेत वहिनी, पण सेकंड हाफमध्ये लिंबू पिळलंत तर मॅच वाचेल." अशा माणसाला आमच्या मराठी मंडळानं वीस वर्षं थापाड्या मानलं. तसं मानायला लावणारा मी. आज माझं वय ब्याऐंशी आहे आणि मंडळाच्या दिवाळी अंकासाठी हा माझा बहुधा शेवटचा लेख आहे, म्हणून तो त्यांच्यावर लिहितो आहे.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली, म्हणजे आमच्या ताई, त्यांची; धाकटी माझी. साडू मूळचे सांगलीचे. सोव्हिएत सरकारची शिष्यवृत्ती मिळून ते आर्मेनियातल्या येरेवानला इलेक्ट्रिकल शिकायला गेले. त्यांच्या वडिलांना म्हणे येरेवान नकाशावर सापडायलाच दोन दिवस लागले. मुलगा परत आला तेव्हा डिग्री होती, पण ती दाखवण्याआधी त्यानं फुटबॉलच्या लीगचा तक्ता काढून दाखवला. पुढे ते इकडे आले. सोव्हिएत डिग्री इथे कुणी विचारेना, म्हणून मॉन्ट्रियलमधल्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायला लागले आणि लिफ्ट इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले. डिग्री वाया गेल्याची खंत त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. "माणसं वर जातात, माणसं खाली येतात. आपण दोर तपासायचा," एवढंच म्हणायचे.

वर जाणं आणि खाली येणं हे त्यांना फुटबॉलनंच शिकवलं असावं. त्यांच्या बेसमेंटच्या भिंतीवर कायम कसला ना कसला तक्ता लावलेला असतो. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. कोणत्याही हिवाळ्यात गेलात तर आमच्या गल्लीतल्या सोळा घरांचा तक्ता दिसेल. बर्फ पडल्यावर कुणी आधी ड्राइव्हवे शोव्हल केला त्याला दोन गुण, नगरपालिकेचा बर्फ ढकलणारा प्लाउ येऊन गेल्यावर बाहेर पडला त्याला शून्य. तळाची दोन घरं दर वर्षी खालच्या लीगमध्ये जातात, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात त्यांची नावं पेन्सिलीनं लिहिली जातात. मी सलग चार वर्षं पेन्सिलीत होतो. एकदा मी बर्फ उडवून टाकणारं यंत्र, स्नो ब्लोअर, विकत घेतला आणि तक्त्यात वर सरकण्याची वाट बघत बसलो. साडू म्हणाले, "तो परदेशी खेळाडू आहे. त्याचे गुण धरत नाहीत."

कुठलाही कार्यक्रम त्यांच्या लेखी नव्वद मिनिटांचा. पंचेचाळीस मिनिटं झाली की पंधरा मिनिटं मध्यंतर, मग पुन्हा पंचेचाळीस, आणि मग घरी. माझ्या धाकट्या मुलीच्या वास्तुशांतीला होम ऐन रंगात असताना ते घड्याळ बघून उठले आणि चहा घेऊन पोर्चवर जाऊन उभे राहिले. गुरुजींनी विचारलं, "ते काका कुठे गेले?" माझी बायको खाली मान घालून म्हणाली, "भावोजींचा हाफटाइम आहे." गुरुजी भले गृहस्थ. पुढच्या वर्षीपासून त्यांनीच मध्यंतर सुरू केलं आणि आता आमच्याकडचा कुठलाही सत्यनारायण चहाशिवाय पुरा होत नाही. कोटाच्या खिशात सूर्यफुलाच्या बिया हे त्यांचं दुसरं लक्षण. येरेवानच्या स्टेडियममध्ये सगळे बिया सोलत मॅच बघायचे म्हणे. सालं जमिनीवर टाकणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही, त्यामुळे ती परत खिशात जातात आणि तिथून ताईंच्या वॉशिंग मशीनमध्ये. ताई म्हणतात, "माझ्या मशीनला पिसं फुटतील एक दिवस."

उन्हाळ्यात शनिवारी सकाळी जवळच्या पार्कात लहान मुलांच्या सॉकर मॅचेस असतात. साडू दोन तास तिथे उभे असतात. खेळणाऱ्यांत त्यांचं स्वतःचं कुणी नसतं. जो संघ हरत असेल त्याच्या बाजूला जायचं, तो जिंकायला लागला की मैदान ओलांडून दुसऱ्या बाजूला. मध्यंतरात हरणाऱ्या पोरांना जर्दाळू वाटायचे. पहिल्या वर्षी पालक बिचकले. आता तिथले लोक त्यांना मस्यू अब्रिको म्हणतात, म्हणजे जर्दाळूवाले साहेब, आणि ते समोरच्या बाजूला जायला निघाले की अलीकडच्या बाजूचे पालक टाळ्या वाजवतात, कारण आपला संघ पुढे गेला हे त्यांना त्यावरून कळतं. मी एकदा तिथे त्यांच्या शेजारी उभा होतो. एका फ्रेंच बाईंनी मला विचारलं, तुम्ही यांचे कोण? बो-फ्रेर, म्हणजे फ्रेंचमधला साडू, मी म्हणालो. इतक्या ऐटीत मी माझ्या मुलांचा बाप असल्याचंही कधी सांगितलेलं नाही.

आता मुद्द्याचं. साडूंकडे एक तपकिरी पुठ्ठ्याची वही आहे. एकोणीसशे शहात्तर साली ते येरेवानला होते. त्या सालचा येरेवानच्या संघाचा प्रत्येक सामना त्यात मराठीत लिहिला आहे. गावातले उभं राहून पाहिलेले, परगावचे होस्टेलच्या रेडिओवर ऐकलेले. गोल कुणी केले, ऊन किती होतं, शेजारचा म्हातारा कितव्या मिनिटाला उठून गेला, ढग नसतील तर वरच्या रांगेतून अरारात डोंगर दिसला की नाही, सगळं. वीस वर्षांपूर्वी मी मंडळाच्या अंकाचा संपादक होतो. तेव्हा मी त्यांच्या मागे लागून त्या वहीवरून लेख लिहून घेतला. त्यांनी सहा पानं लिहिली. त्यात होतं की त्या वर्षी सोव्हिएत फुटबॉलवाल्यांनी मोसम मधोमध तोडला. वसंतात एक पूर्ण स्पर्धा, शरदात दुसरी. प्रत्येक संघ प्रत्येकाशी वसंतात एकदा खेळला आणि शरदात एकदा, आणि एका वर्षात दोन विजेते झाले. येरेवानचा संघ वसंतात दुसरा आला. शरदात तोच संघ, तीच माणसं, खालच्या लीगमध्ये जाता जाता राहिली.

मी हसलो. मी टेलिकॉममधला इंजिनिअर, आयुष्यभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढलेला. वर्ष एक आणि विजेते दोन हे मला पटेना. तपासून बघायला लायब्ररी चार बस स्टॉपवर होती, गेलो नाही. साडूंना फोन करायला मिनिट लागलं नसतं, केला नाही. लेखाखाली मी एक टीप छापली: "एका वर्षात दोन विजेते ही लेखकाची गोड कल्पना समजावी. आर्मेनियाची ब्रँडी प्रसिद्धच आहे. संपादक." साडूंनी जन्मात दारूला स्पर्श केलेला नाही.

टीप लोकांना फार आवडली. दिवाळीच्या कार्यक्रमात त्यावर प्रहसन झालं. पार्किंग लॉटमध्ये लोक त्यांना अडवून विचारायचे, "काय हो, यंदा दिवाळी एकदाच का?" त्यांनी मुंबईचा पाऊस म्हटलं तरी लोक एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायचे. पुढच्या सभेला साडू ती वही घेऊन आले. सगळ्यांसमोर माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "साडूबुवा, हे बघा. तारखा आहेत." मी वही हातातसुद्धा घेतली नाही. म्हणालो, "वही तुमची, अक्षरही तुमचंच. साक्षीदार कोण?" हॉल हसला. त्यांनी वही पिशवीत ठेवली, आणि ती पुन्हा कधी बाहेर आली नाही. त्या दिवसापासून फुटबॉल त्यांनी मंडळापुरता बंद केला, आणि मला साडूबुवा म्हणणंही. "संपादक, मीठ द्या." "संपादक, टायर बदलले का?" आवाजात राग नसायचा. तेच वाईट होतं.

साक्षीदार दोन वर्षांनी भेटला. लव्हालमध्ये आर्मेनियन वस्ती मोठी आहे. ताईंना हवी होती म्हणून एका बेकरीत मी पातळ लवाश रोटी घ्यायला गेलो. काउंटरमागे एक म्हातारा होता, मूळ येरेवानचा. गप्पा मारायच्या म्हणून मी शहात्तर सालाबद्दल विचारलं. त्याचे हात पिठात थांबले. मोडक्या फ्रेंचमध्ये तो म्हणाला, "प्रँतां," म्हणजे वसंत, आणि पिठाची दोन बोटं वर केली. दुसरे. मग म्हणाला, "ओतॉन," म्हणजे शरद, आणि हात खाली नेत नेत काउंटरच्याही खाली, पिठाच्या पोत्यापर्यंत नेला. "दोन चँपियनशिप? एकाच वर्षात?" मी विचारलं. "बियाँ स्यूर," तो म्हणाला. अर्थातच. त्यानं मला रोट्यांचं एक पाकीट जादा दिलं.

त्या वर्षीचा अंक माझ्याच हातात होता. छपाईला जाण्याआधी अर्धं पान रिकामं राहिलं होतं. टीप मागे घ्यायला तीन ओळी पुरल्या असत्या. मी तिथे बिनसाखरेच्या शंकरपाळ्यांची पाककृती छापली. पुढच्या वर्षी लिहू म्हटलं. पुढच्या वर्षी वाटलं, आता लोक विसरले असतील, उगाच कशाला उकरा. लोक विसरले नव्हते. अशी अठरा वर्षं गेली. त्यांच्याकडे जेवताना लवाश पानात आली की मी पोट भरलंय म्हणायचो.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या हृदयाची झडप बदलली. सकाळी मला आत नेलं तेव्हा साडू माझ्या बायकोसोबत बाहेर बसले होते. मी मनात म्हटलं, नव्वद मिनिटं बसतील आणि जातील. संध्याकाळी मला जाग आली तर खुर्चीत तेच, कोट अंगावर तसाच आणि मूठभर सालं रुमालात बांधलेली. बायको म्हणाली, "भावोजी सकाळपासून हलले नाहीत. चहालासुद्धा नाही." मी त्यांना विचारलं, "हाफटाइम?" ते म्हणाले, "एक्स्ट्रा टाइम चालू होता, संपादक."

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते हा लेख लिहिण्याचं. आमच्या नात्यात पत्र पाठवणं बरं दिसलं नसतं, म्हणून कागद घेऊन त्यांच्या बेसमेंटमध्ये गेलो आणि शंकरपाळ्यांपर्यंतचं सगळं वाचून दाखवलं. त्यांची नजर आता अधू झाली आहे, मधोमध काही दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. ते मान तिरकी करून ऐकत होते.

"बेकरीवाला त्याच आठवड्यात मला म्हणाला होता," माझं संपल्यावर ते म्हणाले. "तुझा बो-फ्रेर येऊन विचारून गेला म्हणून."

"म्हणजे अठरा वर्षं तुम्हाला माहीत होतं, की मला माहीत आहे?"

"हो."

"मग एकदा तरी बोलायचं होतंत."

"मी कशाला बोलू? टीप तुमची. मागे तुम्हीच घ्यायची."

"आणि मी घेतलीच नसती तर? त्या झडपेनं दगा दिला असता तर?"

"तेच मोजत बसलो होतो दिवसभर," ते म्हणाले. मग माझ्या कागदांकडे बोट करून म्हणाले, "लेखात एक राहिलंय तुमचं. शहात्तरच्या वसंतात तळाला गेलेल्या कुणालाच खाली ढकललं नव्हतं. सगळ्यांना शरद दिला होता. ते घाला, साडूबुवा."

मी ते घालायला पेन शोधू लागलो. पेन खिशातच होतं, पण मला सापडेना.

"आणि ते पोह्यांचं काढा," ते म्हणाले. "पोहे खारट नव्हते. अळणी होते. लिहायचं तर खरं लिहा." हे मात्र मी मुद्दाम तसंच ठेवलं आहे, म्हणजे माझं आणि त्यांचं यात कुणावर विश्वास ठेवायचा ते वाचकांना यापुढे तरी कळेल. तेव्हा मंडळाच्या सर्व सभासदांना कळवतो की माझी टीप खोटी होती. एका वर्षात दोन विजेते झाले होते. वही खरी आहे, आणि मला तिचा फार अभिमान आहे.

त्या दिवशी त्यांनी उठून कपाटातून ती तपकिरी वही काढली आणि माझ्या हातात दिली. वीस वर्षांपूर्वी मी जी घेतली नव्हती ती. त्यांना आता स्वतःचं अक्षर दिसत नाही, म्हणून दर रविवारी दुपारी मी जातो आणि एक सामना वाचून दाखवतो. ते बिया सोलत ऐकतात, गोल झाला की मान हलवतात. पंचेचाळिसाव्या मिनिटाला वही मिटायची, चहा घ्यायचा, मग पुढे. वसंत केव्हाच संपला. शरदातले तेरा झाले, आता दोनच उरले आहेत. संघ शेवटी वाचतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तरी गेले दोन रविवार आम्ही मागचेच सामने पुन्हा वाचतो आहोत.