गव्हाचा कण आणि सलोमी आंटीचं ताट

"सिलियाक डिसीज," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. तो शब्द त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "गहू बंद. पोळी, बिस्किट, ब्रेड, रवा, मैदा, सगळं बंद. जन्मभर."

"आणि औषध?"

"हेच औषध."

माझी मुलगी रेणू तेव्हा साडेचार वर्षांची होती. वजन दहा किलो. काड्यांसारखे हातपाय आणि पुढे आलेलं पोट. मला रडू आलं नाही, राग आला. 

हा आजार काय असतो ते आधी सांगते, कारण मला अडीच वर्षं कोणी सांगितलं नाही. गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट पदार्थ असतो. काही मुलांच्या आतड्याला तो सोसत नाही. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, ती अन्नातला कस ओढून घेते. ग्लुटेनमुळे ती लव झडते. मग मूल कितीही जेवलं तरी अंगी लागत नाही. टीटीजी नावाच्या रक्ततपासणीत संशय येतो. नंतर एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून बारीक नळी घालून आतडं बघणं, आणि बायोप्सी, म्हणजे आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासणं. नागपुरात हे सगळं एका आठवड्यात झालं.

एक आठवडा! आणि आम्ही अडीच वर्षं अर्जुनी मोरगावहून गोंदियाच्या गाडीत बसत होतो.

पहिल्या डॉक्टरांनी कृमीचं औषध दिलं. दुसऱ्यांनी सिकलिंगची, म्हणजे सिकलसेलची, तपासणी केली. आमच्या भागात रक्ताचा हा आजार बराच आहे, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. ती तपासणी निर्दोष आली. तिसऱ्यांनी टीबी असेल म्हणून सहा महिने गोळ्या चारल्या. टीबीचा एकही पुरावा कागदावर नव्हता. गोळ्या संपल्या, पोरगी तशीच. तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि वेटिंगमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मॅडम, पोरीला खाऊ घालता की नाही? नोकरीच करता दिवसभर?"

मी शाळेत कारकून आहे. आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. शिकलेल्या माणसाचं ऐकावं, हे मी घरून शिकून आले होते. म्हणून गप्प बसले. आज तो प्रसंग आठवला की स्वतःचाच राग येतो.

"भातानं काही होत नाही," ते पुढे म्हणाले. "पोळी द्या. दुधात बिस्किट द्या."

मी दिलं. माझ्या हातांनी दिलं. आमचा मुलूख धानाचा. पण शिकताना वसतिगृहात राहून माझ्या डोक्यात बसलं होतं की भात गरिबाचा आणि पोळी शिकल्या-सवरल्यांची. माझी रेणू पोळी खाते, याचा मला अभिमान होता. ती जितकी खंगत गेली, तितकी मी पोळी वाढवत गेले.

आणि शेजारी सलोमी आंटी होत्या.

सलोमी आंटींनी मिशनच्या वसतिगृहात तीस वर्षं स्वयंपाक केला होता. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. घरामागे पत्र्याच्या डब्याची भट्टी. दर शनिवारी त्या केक, पाव, नानकटाई भाजायच्या आणि गल्लीत ताटं पाठवायच्या. ज्या घरी आजारी माणूस, त्या घरी पहिलं ताट. कोणी म्हणालं, "आंटी, कायले एवढा खर्च करता?" तर म्हणायच्या, "माह्या घरचं आहे का ते? देणारा प्रभू. मी त नुसती भाजून देतो."

अडीच वर्षं पहिलं ताट आमच्या घरी आलं. माझा नवरा वनरक्षक, ड्यूटी नागझिऱ्याकडे, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. मी शाळेत असताना आंटी रेणूला मांडीवर घेऊन केकचा मऊ भाग दुधात भिजवून भरवायच्या, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायच्या. ती ओकली की पुसायच्या आणि थोड्या वेळानं पुन्हा भरवायच्या.

नागपूरहून आल्यावर मी त्यांना सांगितलं. त्या ओट्यावर बसल्या आणि स्वतःचे हात बघू लागल्या. "म्हणजे मीच चारून राहिली होती तिले," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी रेणूला पाण्याशिवाय काही दिलं नाही.

पहिले दोन महिने रेणूला मी भात-वरण दिलं. जादू झाली. पोट उतरलं, पोरगी हसायला लागली. दिवाळीनंतर ती पोळीसाठी हट्ट करू लागली, तेव्हा मी चक्कीवरून तांदूळ दळून आणले आणि तिला भाकरी सुरू केली. रोज दोन.

महिन्याभरात सगळं परत आलं. पातळ जुलाब, ओकारी, तेच पोट. दीड किलो वजन गेलं. आमच्याकडे तेव्हा नुकताच मोबाइल आला होता. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "कुठून तरी गहू जातो आहे. शोधा. असंच चाललं तर भरती करावं लागेल."

शोधायचं काय? माझ्या मनात एकच नाव होतं.

शनिवारी ताट आलं. ते रेणूसाठी नव्हतं, आमच्यासाठी होतं. आमच्या गल्लीत कोणाचं ताट रिकामं परत करत नाहीत, साखर तरी घालतात. मी ते ताट केकसकट उचललं, त्यांच्या दारात गेले आणि पायरीवर आपटलं.

"चोरून चारता ना पोरीले? तुमचा प्रभू हेच शिकवते का?"

गल्ली बाहेर आली. आंटींनी पायरीवरचे तुकडे गोळा केले. "नाही चारलं, बाई," म्हणाल्या. मी ऐकलं नाही. घरी येऊन दार लावलं आणि रेणूला बजावलं की आंटीकडे पाऊल टाकायचं नाही.

चार दिवसांनी त्या आल्या. मी दार अर्धंच उघडलं.

"शिव्या मंग देजो," त्या म्हणाल्या. "आधी सांग, पीठ कोठून दळून आणते?"

"चक्कीवरून. आजही डबा ठेवून आले. तांदळाचंच आहे."

"मी आज सकाळपासून चक्कीवर बसून होती. तुह्या डब्याच्या आधी कोणाचे गहू होते, माहीत आहे का तुले? पाटलाचे. दहा किलो. त्याच पाट्यात, त्याच झोळीत तुहा तांदूळ टाकला त्यानं. तुह्या डब्यात पहिलं पडलं ते पाटलाचं पीठ."

मी चक्कीवर गेले. चक्कीवाला हसून म्हणाला, "मॅडम, पोटात जाऊन सबच एक होते." त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण परत येताना आठवलं. डॉक्टरांनी सगळं बंद म्हणताना "कणसुद्धा नको" असंही सांगितलं होतं. ते ऐकणारी मी, पीठ दळून आणणारी मी, भाकरी थापून भरवणारी मी. आणि दारात ताट आपटलं ते दुसऱ्याच्या.

घरी कोणतंही गोडधोड नव्हतं. माझ्या माहेरहून आलेला नवा तांदूळ होता. मी ताट काठोकाठ भरलं आणि आंटीकडे गेले. 

"माफी-बिफी राहू दे," त्या म्हणाल्या. "जातं जड आहे, माह्या एकटीनं हलत नाही. बस."

ते जातं त्यांच्या सासूचं. त्यांनी ते आधीच उन्हात टाकून, घासून, तीनदा धुऊन ठेवलं होतं. आम्ही दोघींनी एका खुंट्याला हात घातला. त्या दिवसापासून रेणूचं पीठ जात्यावरचंच. तीन आठवड्यांत जुलाब थांबले. भरती करावं लागलं नाही.

ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांना सांगते. फक्त गहू बंद करून भागत नाही. चक्की बघा, चाळणी बघा, पोळीचा तवा वेगळा ठेवा. हिंगाच्या डबीतसुद्धा गव्हाचं पीठ असतं. आणि डॉक्टरांनी चारचौघांत "खाऊ घालता की नाही" असं विचारलं, तर माझ्यासारख्या गप्प बसू नका. मूल काय खातं ते रोज वहीत लिहा, ती वही काढून वाचून दाखवा आणि विचारा, मग अंगी का लागत नाही? उत्तर नसेल तर पुढच्या डॉक्टरकडे पाठवा म्हणा. ती वही मी ठेवली असती, तर माझ्या पोरीची दोन वर्षं वाचली असती. हा राग अजून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

त्या नाताळात आंटींनी भट्टीचा डबा नवा आणला. आठवडाभर आम्ही जातं फिरवलं. मला वाटलं, रेणूसाठी एक छोटा केक होईल. पण त्या पीठ मोजतच राहिल्या. गल्लीतल्या बावीस घरांचा केक त्यांनी तांदळाच्या पिठाचा केला. मी म्हटलं, "आंटी, तिच्यापुरता वेगळा केला असता तरी चाललं असतं."

"वेगळा कायले?" त्या म्हणाल्या. "ते काय परकी आहे?"

केक फुगला नाही, हात लावला की भुगा व्हायचा. समोरचे गुरुजी म्हणाले, "आंटी, औंदा बिघडला वाटते."

"दात पडले ना तुमचे, गुरुजी, म्हणून मऊ केला."

ताटं पोचवण्याचं काम त्यांनी रेणूला दिलं. बावीस घरं ती हिंडली. शेवटी आमच्याच दाराची कडी वाजली. दारात रेणू उभी होती, दोन्ही हातांत ताट आणि ओठांना भुगा लागलेला.

"आंटीकडचं आहे," ती म्हणाली. "आणि आई, ताट रिकामं नको देऊ."