सहा गाईंचं रान

बाबा आयर्लंडला, पोर्टलीशला माझ्याकडे राहायला आले, ते काकांशी बोलणं तोडूनच. काकांची गाय बांध ओलांडून आमच्या बाजूला चरते, एवढ्यावरून दोघा भावांचं वाजलं होतं. परत गेल्यावर मोजणी आणून मध्ये तारेचं कुंपण घालायचं, असं बाबांनी ठरवलं होतं. कुंपण झालं की माझे काका मला कायमचे दुरावणार. पण बाबांना सांगणार कोण?

आमच्या घरामागे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं कुरण आहे, भावाबरोबर सामाईक. मध्ये बांधच नाही हे कळल्यावर बाबांना चैन पडेना. एका सकाळी बघते तर स्वारी माझी कपडे वाळत घालायची दोरी सोडून कुरणाच्या मधोमध ताणतेय! गाई कुतूहलाने मागे मागे. मी धावले.

"उद्या भांडाय नको म्हणून करून देतोय. सांग त्याला," बाबा म्हणाले.

तोवर म्हातारा आलाच. मी सांगितलं, तर पोट धरून हसला. "दोरी ग्रँड आहे. पण त्या अंगाला नुसता चिखल. अर्ध्या लांबीत अर्धं गवत कुठून येणार?" मग त्याने समजावलं. इकडे मध्ययुगात जमीन लांबी-रुंदीने मोजतच नसत, किती गाई पोसते त्यावर मोजत. त्याच्या घरात अजून तसंच बोलतात. हे सहा गाईंचं रान. तीन त्याच्या, तीन भावाच्या.

मी मराठीत सांगत गेले. बाबांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "आमचा आज्जाबी असंच म्हणायचा. दोन पायलीचं रान, चार पायलीचं रान. जेवढं बी पेरतंय तेवढं." मग त्यांनी गाई मोजल्या. "पण ह्या तर पाचच हायेत."

"भावाची एक यंदा गेली," म्हातारा म्हणाला. "तिची जागा मोकळी ठेवलीय."

बाबांनी दोरी गुंडाळली. घरी येऊन परसात नीट बांधून दिली आणि चहा पार निवेपर्यंत खिडकीशी बसून राहिले. मग म्हणाले, "काकाला फोन लाव."

स्क्रीनवर काका आले, तोंड फुगवलेले, थेट बाबांसारखे. मला दोघांचीही इतकी माया आली की डोळे भरले.

"आरं, तुझी गाय कशी हाय?"

"बरी हाय," काका सावधपणे म्हणाले.

"मग सोड तिला माझ्या बाजूला. तिथं गवत चांगलं हाय."