शेजाऱ्यांचे गाऱ्हाणे

माझ्या शेजाऱ्यांनी उभ्या आयुष्यात माणसापाशी कधीही काही मागितले नाही. जे मागायचे ते त्यांनी देवापाशीच मागितले. मात्र ते इतक्या खणखणीत आवाजात आणि इतक्या माणसांच्या देखत मागितले, की देवाला तसदी पडू नये म्हणून माणसेच ते निमूटपणे देऊन टाकीत. आमच्या किनाऱ्यावर कोणतेही कार्य गाऱ्हाण्यावाचून सुरू होत नाही. एका जाणत्याने नारळ हाती धरून ग्रामदेवाला साऱ्या गावाच्या वतीने विनवायचे आणि त्याच्या प्रत्येक वाक्याअखेर जमलेल्यांनी एकमुखाने ‘होय म्हाराजा’ म्हणायचे, अशी ही रीत. मी पाठशाळेत वाढलेला. एक स्वर चुकला तर आमचे गुरू संपूर्ण सूक्त पुन्हा म्हणायला लावीत. त्यामुळे जिचा पाठ ठरलेला नाही, जी दर वेळी नव्याने रचली जाते आणि जिच्यात देवाला प्रसंगी दटावलेही जाते, अशा प्रार्थनेविषयी मला प्रारंभी संकोच वाटे. शेजाऱ्यांना तो नव्हता. गाऱ्हाणे हाच त्यांचा अर्ज, हीच त्यांची नोटीस आणि हाच त्यांचा न्यायनिवाडा.

याचा प्रसाद मलाही लाभलेला आहे. माझ्या फणसाची एक फांदी त्यांच्या गोठ्यावर गेली होती. दोन वर्षे त्यांनी अवाक्षर काढले नाही. काजूच्या डागांनी नकाशा उमटलेला सदरा घालून ते रोज सकाळी कुंपणापाशी येत आणि “गुरुजीनू, बरे आसात मां?” एवढेच विचारीत. मग एका जत्रेच्या दिवशी, पाचपन्नास माणसे हात जोडून उभी असताना, पाऊसपाणी, गुरेढोरे आणि समुद्रावर गेलेली माणसे यांची विनवणी आटोपून ते त्याच सुरात म्हणाले, “आणि आमच्या गुरुजींच्या फणसाक, कोणाच्या कौलांर पडू नये इतकी बुद्धी दी रे म्हाराजा!” सारे गाव म्हणाले, “होय म्हाराजा!” सवयीने मीही म्हणालो. देवासमोर स्वमुखाने संमती दिल्यावर फांदी तोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कोयता घेऊन गडी माझ्या दारात उभा होता. तोही त्यांनीच पाठविलेला. गावात नवा वायरमन आला, तेव्हा त्याच्या स्वागताला त्यांनी विजेच्या खांबापाशीच नारळ फोडला आणि “ह्या झिलाक फोन वाजल्यार जाग येवंदे” असे मागून घेतले. तो बिचारा स्वतःच ‘होय म्हाराजा’ म्हणून बसला आणि पुढली तीन वर्षे फोनच्या पहिल्या घंटेला उठत राहिला.

असे गृहस्थ आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष असावेत, हे ओघानेच आले. ही प्राथमिक शाळा गावाने चिरे वाहून स्वतः उभारलेली आणि स्वतःच चालविलेली. पायाचे चिरे वाहणाऱ्यांत शेजाऱ्यांचे कोवळे खांदेही होते. चौथीच्या पुढचा वर्ग जवळपास कोठे नसल्याने त्याच शाळेच्या पायरीवर त्यांचे शिक्षण संपले. मंडळात मी सल्लागार. म्हणजे इतिवृत्तातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारा. दोन वर्षांपूर्वी आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि पाठोपाठ तालुक्याहून पत्र आले: जूनपूर्वी नवा मुख्याध्यापक नेमावा आणि पटावर वीस मुले असावीत, अन्यथा शाळा बंद करून मुलांना खाडीपलीकडच्या शाळेत धाडावे. तेथे जायचे तर होडीने खाडी ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात आमच्या खाडीत जाणता तांडेलही होडी घालीत नाही. पटावर एकवीस नावे होती खरी. परंतु त्यांतली नऊ मुले आईबापांबरोबर केव्हाच मुंबईला गेली होती. त्यांची हजेरी मात्र मोठ्या निष्ठेने लागत असे.

जाहिरातीचा मसुदा माझ्याकडे आला. ‘समाजाभिमुख शाळेसाठी मुख्याध्यापक पाहिजे’ असे मी लिहिले. ‘समाजाभिमुख’ हा शब्द मंडळाला फार भावला, कारण प्रत्येकाला त्याचा अर्थ आपापल्या सोयीचा लागला. पर्यटकांना खोल्या देणाऱ्या सभासदाला वाटले, मुख्याध्यापक परदेशी पाहुण्यांच्या पत्रांना उत्तरे लिहितील. ट्रॉलरवाल्याला वाटले, ते डिझेलच्या सवलतीचे फॉर्म भरतील. दशावतारी नाटकमंडळींच्या चालकांना वाटले, राजा आजारी पडला तर ते राजाही करतील. शेजाऱ्यांना यांतले सगळेच वाटले. शिवाय उमेदवाराची मुलाखत शाळेत होईल, पण निवड देवळात, गाऱ्हाणे घातल्यावर होईल, असा दंडकही त्यांनीच घातला.

पहिले उमेदवार फार विद्वान होते. त्यांनी भिंतीवर पांढरे कापड टांगून चित्रे दाखविली. त्यांत मुले थोडी आणि बाण पुष्कळ होते. शेजाऱ्यांनी बराच वेळ निरखून विचारले, “ह्ये बाण खंय जातत?”

“गुणवत्तेकडे,” उमेदवार म्हणाले.

“थंय यष्टी जाता काय?”

देवळात त्यांना गावाच्या मध्यभागी उभे केले. गाऱ्हाण्यात एकेक अपेक्षा देवाच्या कानी पडू लागली, तसतसा त्यांचा ‘होय’ क्षीण होत गेला. दशावतारातल्या राजापाशी तो पुरता विझला. तातडीचा फोन आल्याचे सांगून ते बाहेर पडले आणि गुणवत्तेच्या दिशेने नाहीसे झाले.

दुसरे उमेदवार याच्या अगदी उलट. शेजाऱ्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच त्यांचा ‘होय म्हाराजा’ तयार असे. शेवटी शेजारी म्हणाले, “मुंबैक गेल्ल्या आमच्या पोरांची नावां पटार आसत तशीच ऱ्हवांदेत, शाळा वाचांदे रे म्हाराजा!” आणि त्यालाही ते होय म्हणाले; सर्वांच्या आधी, सर्वांहून मोठ्याने. मंडळ गहिवरले. घावणे झाले, काळ्या वाटाण्याची उसळ झाली. “सोमवारी हजर होतो,” असे सांगून ते यष्टीत बसले. त्यानंतर आमच्याकडे पाच सोमवार आले. ते आले नाहीत. फोनवरची बाई रोज नम्रपणे सांगे, की हा क्रमांक उपलब्ध नाही.

पाचव्या सोमवारी संध्याकाळी शेजारी कुंपण ओलांडून माझ्या पायरीवर येऊन बसले. त्यांना एवढ्या हळू आवाजात बोलताना मी प्रथमच ऐकले.

“गुरुजीनू, देवासमोर होय म्हटल्यान मां तेणी?”

“म्हटले. मी ऐकले.”

“मगे?”

मला धर्मशास्त्र येते. पण त्यात ‘मगे’ हा शब्द नाही. जून महिना तीन आठवड्यांवर होता. ते शाळेच्या कौलांकडे पाहत म्हणाले, “माझी शाळा पायरेर संपली. आता ह्या पोरांची होडयेत संपतली,” आणि टोपी हातात घेऊन तसेच बसून राहिले.

तिसऱ्या उमेदवार घाटावरच्या एक बाई होत्या. चाळिशीच्या, काटक, हातात छत्री. मुलाखतीआधी त्यांनी पिण्याच्या पाण्याचा पिंप उघडून पाहिला, मुलींचे स्वच्छतागृह पाहिले आणि हजेरीपट मागितला. एकेक नाव मोठ्याने वाचून, सुट्टी असूनही मुद्दाम बोलावलेल्या मुलांना हात वर करायला लावले. मग पट मिटून विचारले, “ह्यातली नऊ मुलं कुठं हायत?”

“मुंबैक,” ट्रॉलरवाले म्हणाले.

“मग येतात कधी शाळेला?”

“गणपतीक येतत,” ते अभिमानाने म्हणाले.

बाईंनी छत्री उचलली. आम्ही सारे देवळात गेलो. शेजाऱ्यांनी नारळ उचलला. “बा देवा म्हाराजा! ही बाय आज घाट उतरान तुझ्या पायाकडे इली आसा. हिका हयचो वारो, हयचा पाणी मानवांदे रे म्हाराजा!” होय म्हाराजा. “पोरांका लिवक-वाचूक येवंदे, तसाच चार माणसांत बोलूक येवंदे रे म्हाराजा!” होय म्हाराजा. “शाळा सुटल्यार कोणाचो अर्ज, कोणाचो फॉर्म, हिच्या हातसून मार्गाक लागांदे रे म्हाराजा!” होय म्हाराजा. बाई प्रत्येक वेळी वाक्य संपेपर्यंत थांबत, क्षणभर विचार करीत आणि मगच होय म्हणत. त्यामुळे त्यांचा होय गावाच्या होयमागून एकटाच येई. मग ते वाक्य आले. मुंबईला गेलेल्यांची नावे पटावर तशीच राहू देत. गाव म्हणाले, होय म्हाराजा. आणि त्यामागून तो एकटा आवाज स्पष्टपणे म्हणाला, “नाही महाराजा.”

आमच्या देवाने हा शब्द यापूर्वी ऐकला असेल असे मला वाटत नाही. गुरवाच्या हातातली घंटा अर्ध्यावर थांबली. मागून कोणी म्हातारी कळवळून म्हणाली, “गो बाय, असां म्हणूचा नसतां!”

“रीत चुकली असंल तर माफी असावी,” बाई हात जोडून म्हणाल्या. “पण ज्या पटावर मी सही करणार, तो खरा पाहिजे. बाकी सगळ्याला होय म्हटलंय मी.”

मी मान खाली घातली. सत्याचा महिमा सांगणारी वचने मी आयुष्यभर पाठ केली आणि पाठ करून घेतली. आणि पटाच्या त्या एका वाक्याला आजवर दोनदा, नुकत्याच स्नान केलेल्या अंगाने, होय म्हणून मोकळा झालो होतो.

शेजाऱ्यांचा हात नारळासह हवेतच होता. अर्धे गाऱ्हाणे टाकून नारळ खाली ठेवता येत नाही आणि गावाची मुखे एक झाल्यावाचून तो फोडताही येत नाही. त्यांनी बाईंकडे पाहिले, देवाकडे पाहिले, खाकरून घसा मोकळा केला. “बा देवा म्हाराजा! आयकलंस मां? बाय नाय म्हणता. मगे ती खोटी नावां तूच खोडून टाक. पण तितकी खरी पोरां आणून दी रे म्हाराजा! खंयसून आणतलंस, तां तुझां तू बघ!” या वेळी बाईंचा होय सर्वांत आधी आला आणि नारळ फुटला.

देवळाबाहेर नाटकमंडळींचे चालक तणतणत होते, “अध्यक्षानू, देवासमोर नाय म्हणणारी बाई आमका कित्याक व्हयी?”

शेजारी वहाणा घालीत म्हणाले, “होय म्हणणारो गेलो मां? देवासमोर नाय म्हणूक जिका भय नाय, ती सोमवारी येतंय म्हणाली तर सोमवारी येतली.”

बाई रविवारीच आल्या. सोमवारपासून छत्री घेऊन त्या बागांतून हिंडू लागल्या. आमच्याकडे आंब्याच्या राखणीला नेपाळी कुटुंबे येतात, चिरेखाणींवर कर्नाटकातली. त्यांची मुले दिवसभर झाडांखाली आणि दगडांत खेळतात, हे आम्ही सारे रोज पाहत होतो. म्हणजेच कधी पाहिले नव्हते. पहिल्याच दिवशी बाईंना दोन मुली सापडल्या त्या खुद्द शेजाऱ्यांच्या बागेत, आंब्याच्या पेट्या ठेवायच्या खोपटामागे, म्हणजे मांगरामागे. चार वर्षे त्या तेथे राहत होत्या. शेजाऱ्यांना आपले प्रत्येक हापूस कलम नावाने ठाऊक. त्या मुलींची नावे त्यांनी त्या दिवशी विचारली. संध्याकाळी कुंपणापाशी येऊन ते म्हणाले, “बघा गुरुजीनू. देवान पोरां माझ्याच बागेत आणून ठेवलेली, आणि मी तेका बोंबलान सांगतंय, आणून दी!” मग ते स्वतः बाईंबरोबर निघाले आणि खाणमालकांच्या दारोदार त्यांनी अशी काही गाऱ्हाणी घातली, की जूनमध्ये तपासनीस आले तेव्हा बावीस मुलांनी बावीस नावांना हात वर केले. मंडळाने तातडीची सभा घेऊन मंडळाच्याच अभिनंदनाचा ठराव मांडला. मी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.

गेल्या हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या घशावर शस्त्रक्रिया झाली. प्राण वाचला, आवाज गेला. आता फार तर पानांच्या सळसळीएवढे बोलता येते. यंदा जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्यांनी नारळ आणला आणि माझ्या हातात दिला. मी गांगरलो. डोळे मिटून आरंभ केला, “हे करुणासिंधो, भक्तवत्सला, ग्रामाधिपते...” आणि विशेषणांमागून विशेषणे येत राहिली. मुले ताटकळली, माझे वाक्य संपते कोठे, हेच त्यांना कळेना. तेवढ्यात मांगरामागच्या त्या दोघींतली धाकटी माझे उपरणे ओढून कुजबुजली, “गुरुजीनू, बा देवा म्हाराजा म्हणा.”

म्हणालो. आणि पुढे जे म्हणालो ते कोणत्याही ग्रंथात नव्हते. “बा देवा म्हाराजा! आमच्या शेजाऱ्यांनी गावासाठी मागल्यानी, शाळेसाठी मागल्यानी. सोतासाठी कधी कायेक मागूक नाय. तेंचो आवाज तेंका परत दी रे म्हाराजा!” बावीस कंठांतून होय आला, आणि क्षणभर थांबून, मागाहून एकटा, बाईंचा. शेजारी त्या जुन्या पायरीवर टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांचे ओठ हलले. शब्द ऐकू आला नाही.

आता सकाळी कुंपणापाशी ते येतात, हात वर करतात आणि जातात. माझ्या फणसाला तोडलेल्या जागी नवी फांदी फुटली आहे आणि ती पुन्हा त्यांच्या गोठ्याच्या दिशेने निघाली आहे. मी तिला हात लावलेला नाही. पुढच्या जत्रेत ते तिची तक्रार देवाकडे करतील, साऱ्या गावादेखत, खणखणीत आवाजात, अशी वाट पाहतो आहे. माझा ‘होय म्हाराजा’ तयार आहे.