घाटातला ड्रायव्हर आणि टायरवहिनी

नवरा गेला आणि त्याच्या जागी त्या रेल्वेच्या कारखान्यात लागल्या. त्याचे दोस्त त्यांना वहिनी म्हणत, मग सगळेच म्हणू लागले. साहेबांनी कारकुनी देऊ केली. "नुसतं बसलं की नको नको ते आठवतं," म्हणत वहिनींनी चाकांचा विभाग मागून घेतला.

वाफेच्या इंजिनाच्या चाकांवर पोलादी टायर चढवायचं काम. टायर मुद्दामच चाकापेक्षा केसभर लहान कापलेला. गोल भट्टीत तापून तो फुगला, की क्रेनने चाक अलगद आत सोडायचं. निवताना टायर असा काही आवळून बसे, की बोल्टसुद्धा नको. मग वहिनी हातोडीने वाजवून बघत. आवाज खणखणीत आला, तरच टायर आणि चाक दोन्हींवरून एक सलग पांढरी रेघ ओढत.

एकदा घाटातलं इंजिन आलं, तर रेघ दुभंगलेली. ब्रेकच्या घर्षणाने टायर तापून सैल झाला होता, चाकाभोवती वीतभर फिरला होता.

"ब्रेक लावता की त्यावर पोळ्या भाजता?" वहिनींनी ड्रायव्हरला झापलं.

"उतारच तसला आहे हो," तो हसला. "एकदा बसून बघा, मग खुशाल शिव्या घाला."

पुढे काही कारण नसतानाही तो चाकांच्या विभागात डोकावू लागला. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, हेही त्याने असंच बोलता बोलता सांगितलं. एके दिवशी म्हणाला, "रविवारी येता का मग घाट बघायला?"

वहिनींच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. पण भट्टीजवळची माणसं कान टवकारून उभी. "मला कुठली सवड!" त्या म्हणाल्या.

त्याने पुन्हा विचारलं नाही. पावसाळ्यानंतर त्याची बदली झाली. चाकं येत राहिली, जात राहिली. घाटातलं इंजिन आलं की वहिनी आधी ड्रायव्हरचं तोंड बघत, मग चाक.

डिझेल आल्यावर त्याचं जुनं इंजिन मोडीत निघालं. टायर तापवून उतरवायचं काम वहिनींकडेच आलं. त्यांनी ते दुसऱ्याला दिलं आणि बदलीच्या कचेरीतून त्याचा पत्ता काढला. चार ओळी लिहायला त्यांना आठवडा लागला.

उत्तर त्याच्या मुलीच्या हातचं होतं. 'बाबांची नजर गेली आहे. तुमचं पत्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. याल का?'

वहिनींनी रजेचा अर्ज मागवला. कारणाच्या रकान्यापाशी पेन थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'घरगुती'.