नुसते ओठ हलव

वडगावात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या पोरीचा आवाज बारीक कसा असेल? शाळेत समूहगीत बसवणाऱ्या बाईंनी तो ऐकला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू गाऊ नकोस. उभी राहा आणि नुसते ओठ हलव." गॅदरिंगला मी तेच केलं. आईचे कान मागानं तेव्हाच अर्धे नेले होते. मागावरची माणसं एकमेकांचं बोलणं ओठांवरून ओळखतात, तसं तिनं माझं गाणं ओळखलं. घरी आल्यावर म्हणाली, "लई ग्वाड गायलीस गं." पुढं कित्येक वर्षं ती गल्लीत हेच सांगायची. तिला खरं सांगायचा धीर मला झाला नाही. बाईंवर मात्र मी डूख धरून राहिले.

आता गल्लीतल्या बायकांचं आमचं मंडळ आहे. गाणी माहेरची, लेकीच्या पाठवणीची. बाई असल्या गाण्यांना रडकी म्हणायच्या. आहेतच रडकी, आणि मला ती आवडतात. चाल इतकी सोपी की दुसऱ्या कडव्याला कुणीही सामील व्हावं. एकटीनं म्हटलं तर त्यात काही नाही. पण वरच्या आवाजाखाली आमचा जाड आवाज सरकला की ऐकणाऱ्या बायका डोळे पुसू लागतात.

यंदाच्या हळदीकुंकवाला बाईंना मीच पाहुण्या म्हणून बोलावलं. सगळ्यांना वाटलं, मान म्हणून. मला त्यांना रडवायचं होतं. खालचा आवाज मी त्यांच्याकडे बघतच लावला. शेवटच्या कडव्याला त्यांनी चष्मा काढला, मग पदर डोळ्यांना लावला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

गाणं संपल्यावर बाई पुढं आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "मलाही घ्याल का गं तुमच्यात? घरी एकटीच असते."

"या की बाई," मी म्हणाले. "शाळेत तुम्ही मला उभं केलं होतंत, तशाच उभ्या राहा. गाऊ नका. नुसते ओठ हलवा."

बाईंनी माझा हात सोडला. त्यांच्या मागं पहिल्या रांगेत आई बसली होती. आता तिला काहीच ऐकू येत नाही. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"म्हंजी," ती म्हणाली, "तवा तू गायलीच न्हाईस व्हय?"