गाडी विकायची नव्हती

नवरा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि तिच्यामागोमाग धाकट्या दिराचे सल्ले आले. त्या वैशाखात एसी लहरी झाला. घरून निघताना हवा गार, भाट्याचा पूल ओलांडून जरा पुढे गेलं की झोत मंदावायचा आणि उरायची नुसती घरघर. गॅरेजवाल्याने गाडी न चालवताच सांगितलं, कॉम्प्रेसर गेला.

भावोजींना तेवढंच हवं होतं. "वैनी, कशाला ही ब्याद दारात? माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. तुम्हाला कुठे जायचं असलं तर मी आहे ना!"

मी आहे ना! हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. चिपळूणला बहिणीकडे जायचं तरी आधी यांची मर्जी बघायची, आणि यांना सवड नसली की घरात बसायचं. गाडी गेली की माझे पायच गेले.

मी मुकाट्याने रोज गाडी काढू लागले. झोत मंदावला की एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा. थोड्या वेळाने परत गार! मेलेला कॉम्प्रेसर डुलकी काढून उठून बसतो होय? आत कुठेतरी वारा अडत होता आणि बर्फ धरत होता. फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर झाला की खालचं दूध नासतं, हे आता मला गॅरेजवाल्याने शिकवायचं?

डॅशबोर्डचा डावीकडचा कप्पा उतरवला आणि त्याच्यामागचा एसीचा फिल्टर ओढून काढला. पेंढ्याच्या काड्या, भुसा, धूळ, सगळं गच्च बसलेलं. आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि हंगामभर पुढच्या सीटच्या पायाशीसुद्धा, एसी वारा ओढतो नेमका तिथे, पेट्या कोंबून माझी गाडी कोण नेत होतं, हे साऱ्या वाडीला. गाडी ब्याद, पण पेट्या वाहायला चालते!

नवा फिल्टर बसवला आणि थेट हेदवीच्या गणपतीला जाऊन आले, भर दुपारी, काचा बंद करून. येताना पदर गुंडाळून घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी भावोजी गिऱ्हाईक घेऊन आले. मी जुना फिल्टर त्यांच्यापुढे ठेवला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं. भावोजी मात्र खुंटीकडे बघत घुटमळले.

"वैनी, शेवटच्या चार पेट्या तेवढ्या टाकायच्या होत्या."

किल्ली खुंटीवर नव्हती, माझ्या कमरेला होती.

"पेट्या डिकीत ठेवा आणि तुम्ही शेजारी बसा," मी म्हटलं. "चालवायला मी आहे ना!"